पसंतीचं ठिकाण

फॉर्मवर शेवटचा रकाना : पसंतीचं ठिकाण.
सुवार्तानं लिहिलं पुणे, आयसीयू, एसी असतो म्हणून.
भाग्यव्वा जर्मन शिकतेय,
सलाइनचे थेंब मोजते आइन्स, झ्वाय, द्राय
आणि चारला कन्नडमध्ये शिरते.

मला नाइटला बसायला स्टूल हवं, फिरणारा पंखा.
बाकी कुठंही, म्हटलं.

मग ओपीडीतले परवाचे म्हातारे आठवले,
अशोक चौकातले, मागावर चाळीस वर्षं काढलेले.
डॉक्टर तीनदा ओरडले, कुठं दुखतंय?
ते नुसतेच हसले, आमच्या नान्नासारखे.
कानात माग अजून चालूच असतो यांच्या,
पण ओठ वाचता येतात.
मी मास्क खाली ओढला, हळूच विचारलं.
त्यांनी पोटावर हात ठेवला.

रकाना कोराच.
मॅडम म्हणतात, आटपा गं, लाइट जाईल.