पाटीवरचा आकडा

सकाळी सहाला खालच्या खांबापाशी मी मोजपट्टी रोवते.
काल बेचाळीस. आज एकतीस.
तिकीट-खिडकीशेजारच्या पाटीवर खडूने लिहिते :
बर्फ एकतीस सेंटिमीटर. प्रत दाणेदार.
वरचा उतार चालू, खालचा जपून.

लिहीत नाही ते असं,
की समुद्रापलीकडून आलेल्या धुळीने उतार मळलाय,
धुऊन धुऊन पिवळ्या पडलेल्या चादरीसारखा;
की तिसऱ्या खांबाच्या बुंध्याशी एक भोक पडलंय
आणि कान लावला तर खाली
कुणीतरी भांडी विसळत असल्याचा आवाज येतो.

या दिवसांतल्या बर्फाला आमच्या खोऱ्यात
जाड साखरेचं नाव आहे.
आठपर्यंत ती करकरते, स्की तिच्यावरून सुसाट सुटतात.
दहाला तिची पेज होते.
बारा वाजले की घोटा धरून बसते,
जेवल्याशिवाय न सोडणाऱ्या आत्यासारखी.

तामेझो रात्री यंत्र घेऊन सुगीच्या झाडांखाली जातो,
सावलीत उरलेला बर्फ ओरबाडून आणतो,
उघड्या पडलेल्या मातीला ठिगळं लावतो.
वय अठ्ठ्याहत्तर. ठिगळावर ठिगळ.
"अजून एक रविवार," म्हणतो.
मागच्या रविवारीही हेच म्हणाला होता.

शाळेत मुलं तीन, म्हणून शर्यत तिघांची.
तामेझोने सोसायटीतून खताची सात पोती उचलली,
भातासाठी ठेवलेली,
आणि पहाटे कमरेला टोपली बांधून
पेरतात तशी मुठीमुठीने उतारावर फेकली.
खत पडलं की बर्फ आखडतो,
तासभर तरी दगड होऊन राहतो.
त्याची बायको योने खालून ओरडली,
"आणि शेताला काय घालणार?"
"हेच," तो म्हणाला, "जाईल कुठे?
वितळून आपल्याकडेच येणार आहे."

रित्सु आला. मासातोशी आला, पडला, उठून आला.
कोहारु सात वर्षांची, तिला सगळ्यात शेवटी सोडलं.
तोवर ऊन चढलं होतं
आणि मधलं एक ठिगळ उसवलं होतं.
ती तिथे थांबली. वाकून स्की काढल्या,
काखेत धरल्या, आणि चालू लागली
त्या ओल्या तपकिरी गवतावरून,
पाऊल उचलून, बघून, पुन्हा दुसरीकडे टाकत.
मला वाटलं, बूट जड होतायत.
माझ्या हातात घड्याळ पळत होतं.
पलीकडे तिने शांतपणे स्की चढवल्या,
दोन्ही खटके नीट वाजेपर्यंत,
आणि खाली आली.
चार मिनिटं नऊ सेकंद.

संध्याकाळी मी आणि तामेझो झेंडे गोळा करत वर गेलो.
गवतात फुकीचे कोंब होते, हिरवे, मुठीएवढे,
वीस-पंचवीस तरी.
आणि त्यांच्यामधून बुटांचे लहान ठसे.
एकही कोंब चिरडला नव्हता.
तामेझो काही बोलला नाही. टोपी काढली, झटकली,
पुन्हा घातली.

सोमवारी पाळण्याच्या खुर्च्या उतरवल्या,
एकेकट्याने बसायच्या, सगळ्या चौसष्ट.
बिनखुर्च्यांची तार
वाळत घालायला काही नसलेल्या दोरीसारखी दिसत राहिली.

मग समोरच्या डोंगरावर उरलेल्या बर्फाचा घोडा उमटला,
दर वर्षी उमटतो तसा, मान डावीकडे.
त्याचे पुढचे पाय तुटले की शेतात पाणी घ्यायचं,
हे सासूने सांगितलं होतं, तिला तिच्या सासूने.
या वर्षी अकरा दिवस आधीच तुटले.
अकरा. पाटीवर लिहिण्याजोगा आकडा,
पण पाटी उलटी करून भिंतीला टेकवली होती.

पाणी आलं ते इतकं गार
की बुटातून हाडाला लागलं.
मी ओळखलं त्याला.
खिशात मोजपट्टी होती, सवयीने बुडवली :
सात सेंटिमीटर.
इकडेतिकडे बघितलं. बांधावर तामेझो बिडी ओढत होता.
"किती?" त्याने विचारलं.