सुट्टे

निमखेडी फाट्यावर बूथ क्रमांक तीन.
दिवसभरात मी दोनच शब्द बोलायचे:
सुट्टे द्या.
तामिळनाडूचे ट्रकवाले बोटांनी हिशेब सांगत,
इंदूरच्या बसला घाई,
आणि रावेरकडचा केळीचा पिकअप
नेमकी पाचशेची नोट काढी.
‘सुट्टा कथाईन लयू वं ताई?’
मग बरणीतली दोन चॉकलेटं त्याच्या तळहातावर.

चिल्लर यायची म्हसोबाच्या दानपेटीतून.
दर सोमवारी भगवान गुरव सायकलला पोतं बांधून आणायचा,
शेकडा पाच वर घ्यायचा,
नाण्यांना शेंदूर तसाच.
संध्याकाळी माझ्या बोटांची टोकं
दुसऱ्या कुणाच्या नवसाने रंगलेली.

तेव्हा हितेंद्र गिरासे आला.
दोंडाईच्याचा, बाप मोटर वाइंडिंगवाला.
देवपुरात वेल्डिंगच्या दुकानावर एक खोली,
खोलीत तीन पोरं, दोन पंखे, त्यातला एक चालू.
पावतीचं मशीन दुरुस्त करायला आलेला,
जाता जाता म्हणाला,
‘गाडी थांबायची गरजच काय?’
आम्ही हसलो.
थांबायचं नसेल तर त्याला नाका तरी का म्हणायचं?

मे महिना. शेचाळीस अंश.
अँटेना बांबूला बांधलेला,
बापाच्या जीपच्या काचेवर चिकटवलेला एक चिटोरा,
आणि जीप सकाळपासून त्याच लेनमधून,
घाण्याला जुंपल्यासारखी.
साठाव्या फेरीला दांडा आपोआप वर गेला.
एकसष्टाव्या फेरीला मॅनेजरच्या डोक्यात पडला.
गिरासेने वहीत दोन्ही लिहून घेतलं.

नंतरचं मला नीट क्रमाने आठवत नाही.
एक लेन झाली, मग सहा,
मग लळिंग घाटापलीकडचे नाके, मग ज्यांची नावं
आम्हाला उच्चारता यायची नाहीत असे.
खोलीचा मजला झाला, मजल्याची इमारत,
इमारतीला काच, काचेत पांझरेचं कोरडं पात्र.
मुंबईहून माणसं आली,
दारात बूट काढायचे का विचारत उभी राहिली.
मग शेअर. मलाही दिले थोडे,
कर्मचारी क्रमांक चार म्हणून.
त्यांचे किती झाले ते भाचा मोबाईलवर बघतो.
मी विचारत नाही.
विचारते. रोज.

बूथमधल्या एकवीस जणांतून मी एकटी आत आले,
कानाला हेडफोन लावून तक्रारी ऐकायला.
पुष्पा साक्रीला परत गेली.
यशवंत पाडवी सुरतेत साड्यांच्या गोदामात.
फुटाणेवाला सलीम मन्यार दोन किलोमीटर पुढे सरकला,
तिथे एक मोठा खड्डा आहे,
गाड्या अजून हळू होतात.
आणि गुरव परवा बाजारात भेटला, म्हणाला,
नऊ पोती साचलीत,
तुमची कंपनी घेईल का?

लोक फोनवर ओरडतात.
दोनदा कापले. गाडी दारात उभी, तरी कापले.
मी क्रमांक लिहून घेते, माफी मागते,
माफी सात भाषांत छापून दिलेली आहे.

गेल्या महिन्यात नरडाण्याहून एक आवाज आला, म्हातारा.
ट्रक विकला वर्षापूर्वी.
पैसे नव्या मालकाचेच जातात,
नाव बदललेलं नाही म्हणून संदेश मात्र याला येतात.
म्हटलं, आमचीच चूक आहे बाबा, लगेच बंद करते.
तो काही बोलेना.
मागे कुणीतरी भांडी घासत होतं.
‘नको वं ताई. ऱ्हाऊ दे.
ती कथा शे, तेवढं समजस.’

पडद्यावर दोनच खुणा होत्या:
तक्रार निकाली, तक्रार वरिष्ठांकडे.
मी कुठलीच दाबली नाही.

काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
त्याची गाडी कृष्णगिरी ओलांडून गेली.
आज अजून काही नाही.