हवेचा टेकू

भुसावळच्या एमआयडीसीत, मे महिन्यात,
रात्री दोननंतर व्होल्टेज सरळ येतं
म्हणून आम्ही जागे.
टेबलावर करंगळीएवढा रोटर:
मिनिटाला एक लाख वीस हजार फेरे,
बेअरिंगमध्ये तेलाचा थेंब नाही.

सुपडूकाका तडवींना हे मान्य नव्हतं.
छत्तीस वर्षं रेल्वेच्या शेडात
त्यांनी आसांना ग्रीस पाजलं,
नखांतला काळा रंग अजून नोकरीवर आहे.
“तेल नाही, त मंग टेकीन कशावर व पोरी?”
हवेवर, काका.
“हवेवर त गप्पा टेकतात.”

मी बिलाच्या पाठीवर काढून दाखवलं:
आस फिरतो तेव्हा जवळची हवा
ओढत नेतो स्वतःबरोबर,
निमुळत्या फटीत कोंबतो,
आणि कोंबलेली हवाच त्याला उचलते.
फट केसाच्या दहाव्या भागाएवढी.
घासणं दोनदाच, सुरू होताना आणि थांबताना.
वेगात कुणी कुणाला शिवत नाही.

ते ऐकत होते की पंख्याकडे बघत होते, कळलं नाही.

सात रोटर गेले.
पहिल्याला शेजारच्या जिनिंगमधलं
कपाशीचं एक तूस पुरलं.
दुसऱ्यावर माझ्याच अंगठ्याचा ठसा.
तिसऱ्याबद्दल मी बोलत नाही.
बाकीचे चार सत्तर हजारांच्या आसपास
निळे पडून बाहेर आले.

मी भोकाला दोष दिला. घासलं,
गोल, अजून गोल,
मापाचा काटा हलेनासा होईपर्यंत गोल.
आठवाही थरथरला.

तेव्हा काकांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक
बेअरिंगच्या घरावर टेकवलं,
मूठ कानाला लावली, डोळे मिटले.
“दोघं बोलू राह्यले आत.
एक फिरू राह्यला,
दुसरा त्याच्या मांगं मांगं, निम्म्या चालीनं.”
स्क्रीनवर, बरोबर अर्ध्यावर,
एक बारीक सुळका होता.
गोंगाट समजून मी तो रोज पुसत आले होते.

“इतक्या गोल घरात
त्याले पाठ टेकाले कोपरा कुठी हाये?”

पातळ पत्र्याखाली तीन ठिकाणी
मी बेगडाएवढ्या पट्ट्या सरकवल्या.
वर्तुळ मोडलं. काटा म्हणाला नापास.

नववा अकरा हजारांवर उचलला गेला.
खरखर थांबली,
मग एक शिट्टी चढत गेली
काकांच्या कानापलीकडे.
त्यांनी टोक हलवलं, परत लावलं.
“बंद पडलं का?”
नाही, काका.

दिवसाचे सेहेचाळीस अंश पत्र्यात अजून शिल्लक होते.
मी म्हटलं, या उन्हात तेल पातळ होतं,
हवा मात्र तापली की थोडी चिवट होते,
जरा जास्त वजन पेलते.
आठवडाभरात पहिल्यांदा ते हसले,
“म्हनजे आपल्याच गावची हाये.”
आणि सवयीनं चिंधीला हात पुसले, कोरडेच.

चार वाजले. बटण माझ्या बोटाखाली.
थांबवायचं म्हणजे टेकवायचं,
टेकलं की घासणार.
“राहू दे व,” काका म्हणाले,
“घडीभर राहू दे.”