साडेबारा टक्के

हर्षिला सात वर्षं जहाजावरच्या कसिनोत पत्ते वाटायची.
आता सारसोळ्याच्या बाजारात
आईशेजारी बसून कोळंबीचे वाटे लावते.
हात तोच, म्हणते, माल बदलला.

रात्री साडेदहाला पाम बीचवर निघालो,
ती, मी आणि माझी कुरकुरी स्कूटी.
स्कूटी ढकलत, कारण हर्षिलाला चालायचं होतं.

"जहाज दुरुस्तीला लागलं तवा चार दिवस त्या शहरात होते.
एकच रस्ता बघायचा, बाकी वाळवंट.
एका टोकाला काळ्या काचेचा पिरॅमिड,
पुढं पॅरिसचा मनोरा, निम्म्या उंचीचा,
त्याच्याही पुढं व्हेनिस.
माडीवर कालवा, नावाडी गातोय,
वर छताला आभाळ रंगवलेलं.
कायम संध्याकाळचे साडेसहा."

मी म्हटलं, मग आपलं नेरूळचं वंडर्स पार्क काय वाईट?
ताजमहाल, कलोसियम, पेट्रा, सगळं एका तिकिटात.
"वाईट नाय. तिथं पोर हरवलं तर
भोंग्यावर नाव पुकारतात.
तिकडं हरलेल्याचं नाव कोण पुकारत नाय."

सिग्नलपाशी थांबून तिनं टॉवर वाटून टाकले:
निळ्या लायटीवाल्याला ज्वालामुखी दिला,
कोपऱ्यावरच्या अर्धवट बांधकामाला नाचरं कारंजं,
आणि ज्या चौदाव्या मजल्यावर एकच खिडकी जागी होती
तिथं, म्हणाली, कोणीतरी हरतंय.

"आत घड्याळ नाय. खिडकी नाय.
गालिचा असा भडक की मान खाली जाऊ नये."
इथं मात्र वाऱ्यानं चिखलाचा वास आणला
आणि दोघांनाही न बघता कळलं
ओहोटी लागून तास झाला.

"तिकडं म्हणतात, शेवटी घरच जिंकतं.
घर म्हणजे मालक. टेबल ज्याचं, तो."
मला हसू आलं.
आपल्याकडे घर जिंकत नाही. घर लागतं.
सोडतीत.

काकाचं मिठागर गेलं तेव्हा हर्षिला जन्मली नव्हती.
गेलेल्यातले साडेबारा टक्के परत देणार होते.
ती बारावीला असताना सोडत निघाली.
काका इस्त्रीचा शर्ट घालून गेला,
बोटांच्या भेगांत मीठ नव्हतं आता, तरी
चिठ्ठी काढण्याआधी हात शर्टाला पुसला.
भूखंड निघाला उलव्याला, तीन भावांत एक,
आणि तिघांच्या सह्या बिल्डरकडे आधीच होत्या.
घरी पेढे आणले.
पेढे खाताना कोणी कोणाकडे बघितलं नाही.

हर्षिला बराच वेळ गप्प.
मग हिशेब लागल्यासारखी म्हणाली,
"आमचं सगळ्यात चिकट मशीनसुद्धा
शंभरातले ऐंशी परत द्यायचं."

"एका हॉटेलचं नाव होतं फ्लेमिंगो.
दारावर गुलाबी दिव्यांची पिसं, पेटायची, विझायची.
मी खाली उभी राहून रडले, मूर्खासारखी.
सोबतच्या पोरींना वाटलं, पैसे गेले."

म्हणून तळव्याच्या बाजूला वळलो.
अंधारात गुलाबी काही दिसेना.
दिसलं ते एवढंच, चिखलावर
एक लांबलचक फिकट पट्टा, किंचित हलणारा,
आणि आवाज,
कोणीतरी खूप लांबच्या टेबलावर
चिप्स बोटांत खेळवतंय तसा.
मोजायला लागली. दोनशेच्या पुढं चुकली.
पुन्हा मोजायला घेतलं नाही.

परतताना ती खांबाखाली थांबली.
टेबल सोडताना करायची तसं
तळहात झटकले, उघडले, उलटे केले, सुलटे,
वर कॅमेऱ्याला दाखवले.
"काय लपवलं नाय, हे सांगायची सवय."
कॅमेऱ्याची वायर तुटून लोंबत होती.
मी ते तिला सांगितलं नाही.

पहाटे पाचला लिलाव.
तिचे हात माझ्या खांद्यावर, कोळंबीच्या वासाचे.
पहिली किक वाया, दुसरी वाया.
तिसरी लागली.