मेण

सोहारच्या कॅम्पमागे, डिझेलच्या टाकीला लागून
एक समर आहे. म्हणजे आपली बाभूळच, जरा जास्त हट्टी.
मार्चमध्ये तिच्या खालच्या फांदीवर फुलोरी बसली.
तळहाताएवढं पोळं, एकच पान.

खल्फान हिला अबू तुवैक म्हणतो.
खजुराच्या पोकळ ओंडक्यांत त्याने पाळलेल्या माशा वेगळ्या,
त्यांच्याशी तो लेकींशी बोलावं तसं बोलतो.
हिच्याशी नाही. ही कुणाच्या ओंडक्यात नांदत नाही.

जावळीत माझा मामा आग्यासाठी कड्यावरून दोर सोडायचा,
सातेरीला पेटीत बसवायचा,
आणि फुलोरी दिसली की म्हणायचा,
हिचा मध औषधापुरता. राहू दे.

ड्युटी संपली की मी उकिडवा बसून बघतो.
फांदीला दोन्ही बाजूंनी डिंकाची कडी.
मुंगी येते, पाय चिकटतात, माघारी फिरते.
पोळ्याच्या माथ्यावर, उघड्यावर, एक जण नाचते,
तिचं तोंड जिकडे, फुलं तिकडे.
ऊन चढलं की सगळ्या जरा सैल होतात, पंखांनी वारा घालतात.
सगळ्या बायका.
नरांना म्हणे कामापुरतंच पोसतात, मग दाणापाणी बंद.
दाऊद परकार म्हणाला, म्हणजे व्हिसा कॅन्सल.
खोलीत आम्ही बारा जण. फारसं कुणी हसलं नाही.

फोरमनने सांगितलं, सोमवारी टाकीजवळचं सगळं साफ.
शफीकुलने धुरासाठी पुठ्ठा भिजवून ठेवला.
रविवारीच त्या उठल्या. राणीसकट.
मागे राहिलं ते हलकं, जुन्या पापडासारखं.
रिकामं घर काय जाळायचं, म्हणून शफीकुलने हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी परत आल्या.
राहायला नव्हे. कडा कुरतडायला.
मागच्या पायांना मेणाचे कण लावून
कुंपणापलीकडे, पाण्याच्या टँकरमागे,
एक खेप, अजून एक खेप.
संध्याकाळपर्यंत फांदीवर फक्त डिंकाच्या कड्या.

पंधरा दिवसांनी आमचाही कॅम्प बदलला.
ट्रंका चढल्या, बस सुरू झाली,
आणि दाऊद ओरडला, थांबा रे, आणि आत पळाला.
आला तेव्हा मुठीत भिंतीतले चार हूक,
काखेत खिडकीची ती फळी
जिच्यावर आमच्याही आधीच्या कुणीतरी
बॉलपेनने दिवस मोजले होते.
ही कशाला, मी विचारलं.
बसायला जागा करत तो म्हणाला,
लागेल की तिकडे.