शंभरापर्यंत

टॉडमॉर्डनच्या चॅपेलातला बॉयलर
माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही,
असं मी अकरा हिवाळे धरून चाललो.

दर रविवारी पहाटे पाचला
कालव्याकाठच्या गोठल्या वाटेवरून जपून जायचो.
हातमोजा काढल्याशिवाय किल्ली फिरत नाही त्या कुलपात,
आणि लोखंड बोटांना चावतं.
तळघरात उतरायचं, गुडघे टेकायचे,
प्रार्थनेला नव्हे, ज्योत पेटवायला.
बटण दाबून धरायचं, शंभरापर्यंत मोजायचं.
मराठीत मोजायचो.
एकोणऐंशीला नेहमी अडखळायचो.
मग निळी जीभ बाहेर यायची,
भिंतीतले पाईप म्हाताऱ्यासारखे खाकरायचे,
आणि दहाला मंडळी जमेपर्यंत
बाकांच्या लाकडात ऊब मुरलेली असायची.

कुणाला सांगितलं नाही कधी.
स्वतःला मात्र रोज सांगितलं.

पाळकबाई नम्रतेवर बोलू लागल्या
की मी मान खाली घालायचो,
अशी, की मागच्या बाकावरूनही दिसावी.
मिसेस ऑगडन कोट काढून म्हणायच्या,
'आज काय छान ऊब आहे नाही, शांतवन?'
मी म्हणायचो, 'हो का?'
त्या 'हो का'ची गोडी
प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाहून
जिभेवर जास्त वेळ टिकायची.
देवा, तुला हे माहीत होतं.
तू अकरा वर्षं काही बोलला नाहीस.

राहुरीला माझे वडील देवळाची घंटा वाजवत.
दोर ओढताना कुणाला दिसू नये
म्हणून दाराआड उभे राहत.
मला वाटायचं, मी त्यांचंच चालवतोय पुढे.
त्यांना घट्टे होते ते तळहाताला.
मला कुठे पडले,
ते यंदाच्या जानेवारीत कळलं.

न्यूमोनिया. तीन रविवार अंथरुणात.
मिसेस ऑगडननी सूप पाठवलं, ते परत केलं.
'कशाला त्रास माझ्यासाठी?' म्हणालो.
(हेही जमतं मला छान.)
घड्याळात दहा वाजले की डोळे मिटून बघायचो:
सगळे कोटात गुरफटलेले,
गाताना तोंडातून वाफ,
कुणीतरी हात चोळत विचारतंय, अरे, शांतवन कुठाय?
खरं सांगतो, त्या थंडीची मी वाट पाहिली.
ऑगडनबाई अठ्ठ्याऐंशीच्या. त्यांचे गुडघे आठवले.
आठवूनही पाहिली.

चौथ्या रविवारी काठी टेकत गेलो.
दार उघडलं, तर आत ऊब.
माझ्या ऊबेपेक्षा जास्त.
डावीकडचा रेडिएटर, सहा वर्षं मेलेला,
त्याला हात लावला तर चटका बसला.

'मी केलं, अंकल,' क्वाबेना म्हणाला.
सतरा वर्षांचं पोर, बुटाची नाडी सुटलेली.
'त्यात नुसती हवा साठली होती.
हवा सोडली, मग पाणी आपोआप वर आलं.'
आणि खाली नेऊन त्यानं मला दाखवलं,
'शंभर नाही मोजायचे. तीस पुरतात.
हे बघा, झाकणावर लिहिलंय.'

लिहिलं होतं.
माझ्या नाकासमोर, अकरा हिवाळे.
वाचायला कधी वाकलोच नव्हतो तेवढा.

किल्ली त्याला दिली.
लगेच नाही दिली. आणखी दोन रविवार
खिशात चाचपत बसलो,
तो दाराशी उभा राहायचा कुडकुडत, माझी वाट बघत,
आणि मी मुद्दाम हळू चालायचो.
तिसऱ्या रविवारी कडीतून काढायला गेलो
तर नख तुटलं.

आता डाव्या बाजूला बसतो, रेडिएटरजवळ.
उपदेश चालू असताना डुलकीही लागते.
परवा ऑगडनबाईंनी पुन्हा सूप आणलं,
थरथरत्या हातांनी, अर्धं पिशवीत सांडलेलं.
'कशाला' हा शब्द दातांपर्यंत आला होता.

मीठ अजिबात नव्हतं.
सगळं प्यायलो.