अडुसष्ट अंशांवर

पलंगाच्या बरोबर वर, छताला,
काचेची एक नळी, शेंगदाण्याहून लहान.
आत लाल द्रव.
अडुसष्ट अंशांवर फुटते म्हणे.
बाहेर सस्काटूनचे उणे चौतीस.

पलंग हलवायचं चार वर्षं ठरवतेय.
झोपताना तिच्याकडे बघते
आणि बाबांनी विनित्सियाहून आणलेल्या
अकॉर्डियनवर ताडपत्री ओढते.
कातडी घड्या, मेणात बसवलेले सूर:
तांब्याभर पाणीही सोसणार नाही त्याला.

नवव्या मजल्यावरच्या डेझमंडनं
लग्नाचा कोट हँगरसकट तिथंच टांगला.
टिच् असा आवाज. एवढंच.
मग अकरा वर्षं पाइपात मुरलेलं पाणी,
काळं, गंजाच्या वासाचं,
आठव्यावर, सातव्यावर.
माझ्या पाचव्यावर नुसता एक डाग.
मी तो पेन्सिलीनं आखून ठेवला, तारीख टाकली.
विम्याच्या बाईनं विचारलं, वाढतोय का?
म्हटलं, मी वाढू देत नाहीये.

फेब्रुवारीत तिसऱ्यावर
मिसेस हाल्व्हरसनच्या कढईतलं तेल पेटलं.
एकच नळी फुटली, तिच्याच शेगडीवरची.
बंब येईतो विझलेलंही.
खाली लॉबीत ती ब्लँकेट गुंडाळून बसलेली,
केसांतून काळं पाणी निथळतंय,
आणि भांडत होती:
माझा गालिचा, माझी पिठाची बरणी,
कोण देणार भरून?
सगळे हो हो म्हणत होते.
तिचे हात गरम होते. मी धरून पाहिले.

वर आले.
अकॉर्डियन आणखी एका पिशवीत घातलं,
तोंड दोऱ्यानं आवळलं.
पलंग मात्र
होता तिथंच राहू दिला.